सार्वजनिक धोरणाचा अभ्यास आणि आपले विद्यार्थी

आपल्या समाजातील मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की घरात बहुधा दोनच वाटांची चर्चा होते. एक स्पर्धा परीक्षेची आणि दुसरी मिळेल त्या नोकरीची. दोन्ही वाटा योग्यच आहेत. परंतु तिसरीही एक वाट आहे आणि तिची माहिती आपल्या वस्त्यांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. ती म्हणजे सार्वजनिक धोरण या विषयातील पदव्युत्तर शिक्षण. शासनाची योजना कशी आखली जाते, तिला पैसा कोठून येतो, ती कोणापर्यंत पोहोचते आणि कोठे अडते, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे हा विषय होय. ज्या समाजाचे जीवन शासकीय निर्णयांवर सर्वाधिक अवलंबून आहे, त्याच समाजात हे निर्णय तपासू शकणारे अभ्यासक थोडे असावेत, ही चिंतेची बाब आहे.

अभ्यासक्रम व दिनक्रम

बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम २०१४ साली सुरू झाला. मुंबईच्या आय.आय.टी.मध्येही तो शिकवला जातो. कोणत्याही शाखेचा पदवीधर साधारणतः या शिक्षणाकडे वळू शकतो. पहिल्या वर्षी अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संविधान व कायदा, प्रशासन आणि अंदाजपत्रक अशा विषयांची ओळख होते. वाचन पुष्कळ असते व बहुतेक इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले सहा महिने जड जातात. संख्याशास्त्राची तर अनेकांना धास्तीच असते. मात्र रोज थोडे लिहिण्याची व गटात बसून अभ्यास करण्याची सवय लागली की ही अडचण ओसरते.

येथील लेखनाची रीतही वेगळी आहे. वीस पानी निबंधापेक्षा दोन पानी टिपण लिहिणे अवघड, हे विद्यार्थ्याला लवकरच कळते. मंत्र्याला किंवा सचिवाला दहा मिनिटांत समजेल असे टिपण लिहायचे असते. प्रश्न काय, कारण काय, पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च किती व शिफारस कोणती, हे सारे त्यात यावे लागते. सुट्टीत एखाद्या शासकीय कार्यालयात किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करावे लागते आणि दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो.

संशोधन म्हणजे काय?

प्रबंधाचा विषय निवडताना विद्यार्थी प्रथम ‘अनुसूचित जातींच्या शिक्षणाची समस्या’ असा भला मोठा विषय घेऊन येतो. मार्गदर्शक तो परत पाठवतात. विषय लहान व तपासता येईल असा हवा. उदाहरणार्थ, एका तालुक्यातील महाविद्यालयांत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात जमा झाली आणि अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस थांबला?

ही शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. आपल्यातील कित्येकांचे शिक्षण तिच्यावर झाले आहे. ती वेळेवर आली नाही की खोलीचे भाडे थकते, परीक्षेचा अर्ज अडतो आणि एखादी मुलगी कायमची गावी परतते. विद्यार्थी महाविद्यालयातील कारकुनाला दोष देतो. कारकून समाजकल्याण कार्यालयाकडे बोट दाखवतो. संशोधकाने तेथेच न थांबता पुढे जायचे असते.

पुढे गेल्यावर निधीवाटपाचा एक नियम समोर येतो. पूर्वी योजनाकाळाच्या अखेरच्या वर्षी जेवढा खर्च होई, तेवढा भार त्यानंतर राज्याने उचलायचा आणि त्यावरील वाढीव रक्कम केंद्राने द्यायची, अशी पद्धत होती. त्यामुळे राज्यांवरील बोजा वाढत गेला. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राची मदत वर्षाला सुमारे ११०० कोटी रुपयांवर आली होती. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही पद्धत बदलून केंद्राचा वाटा ६० टक्के ठरवला आणि पाच वर्षांच्या ५९,०४८ कोटी रुपयांच्या खर्चापैकी ३५,५३४ कोटी केंद्राने देण्याचे मान्य केले. म्हणजे विद्यार्थ्याच्या रिकाम्या खात्याचे एक कारण दिल्लीतील एका सूत्रात दडलेले होते.

परंतु तेवढ्यावर सारा दोष त्या सूत्रावर टाकणे हेही संशोधन नव्हे. उशीर निधीमुळे झाला, जात प्रमाणपत्रामुळे झाला की बँक खात्यातील त्रुटीमुळे, हे वेगवेगळे मोजावे लागते. त्यासाठी अंदाजपत्रकाची पुस्तके, महालेखापरीक्षकांचे अहवाल, जनगणनेचे तक्ते आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागवलेली कागदपत्रे कामी येतात. विद्यार्थ्यांच्या मुलाखती त्यांच्या संमतीनेच घ्यायच्या व त्यांची नावे गुप्त ठेवायची, हा दंडक असतो. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालामांना केलेला तथागतांचा उपदेश येथे रोजच्या कामाचा नियम बनतो. दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि त्याचा मार्ग हा क्रमही धोरणाच्या अभ्यासकाला परका वाटणार नाही.

बाबासाहेबांचा वारसा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा सार्वजनिक धोरण या नावाची पदवी नव्हती. परंतु त्यांनी तेथे अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र यांचाही अभ्यास केला. १९१५ च्या एम.ए.च्या प्रबंधात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्तव्यवस्था तपासली. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती हा होता. मध्यवर्ती सरकार व प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला, याचा १८३३ पासूनचा हिशेब त्यांनी मांडला.

हा विषय कोरडा वाटेल, पण वर पाहिलेला शिष्यवृत्तीचा प्रश्न नेमका याच विषयातला आहे. केंद्राने किती द्यायचे व राज्याने किती, यावर आपल्या मुलांचे वर्ष वाचते किंवा वाया जाते. बाबासाहेबांचे समाजकार्य आपण जाणतो. त्या कार्यामागे आकडे, कायदा आणि हिशेब यांची किती कठोर तयारी होती, तेही विद्यार्थ्यांनी जाणून घेतले पाहिजे.

आपण काय करावे?

परदेशी शिक्षणासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्र शासनाचीही राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात नीट वाचावी. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच इंग्रजी वाचन व प्राथमिक संख्याशास्त्र यांची तयारी सुरू करावी.

आपल्या मंडळांनाही यात काम आहे. बुद्ध विहारात दर महिन्याला एक बैठक घेऊन वस्तीतील एका योजनेची माहिती गोळा करता येईल. अर्ज किती केले, मंजूर किती झाले, पैसे केव्हा आले, एवढी साधी नोंदवही तीन वर्षे चालवली तरी उद्याच्या संशोधकाला ती मोलाची ठरेल. निवेदन देणे व मोर्चा काढणे हे आपले हक्क आहेतच. त्या निवेदनाला तारखांचा व आकड्यांचा तक्ता जोडलेला असला, तर अधिकाऱ्याला नुसते आश्वासन देऊन चालत नाही, उत्तर द्यावे लागते. असा तक्ता तयार करणारे हात आपल्याच घरातून घडले पाहिजेत.

जय भीम!