व्हर्च्युअलायझेशन की क्लाउड? आधी प्रश्न समजून घ्या, मग चेक फाडा



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी जे राहून गेलं, ते इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी थोडं गणित आहे.

ट्रेनिंगला येणारे एक व्यापारी आहेत. ऑटो पार्ट्सचं होलसेल, ऑफिसात सहा माणसं. ते दोन कोटेशन घेऊन आले. पहिल्यात लिहिलं होतं, "एक सर्व्हर घ्या, त्यावर व्हर्च्युअलायझेशन करून देतो." दुसऱ्यात होतं, "सर्व्हर कशाला घेता, सगळं क्लाउडवर टाका." त्यांनी मला विचारलं, "सर, दोघंही म्हणतात आमचंच बरोबर. मी कुणाचं ऐकू?"

मी म्हटलं, "अहो, ही दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीतच. म्हणून तर तुमचा गोंधळ होतोय."

लाखभर रुपयांचा निर्णय असा गोंधळात घेतला, तर पुढची पाच वर्षं तो डोक्यावर बसतो. म्हणून आधी दोन्ही शब्द नीट सोडवून घेऊ.

शेड आणि गाळे

समजा, तुमची एमआयडीसीत मोठी शेड आहे. धंदा मात्र तिच्या एका कोपऱ्यातच चालतो, बाकी जागा रिकामी. मग तुम्ही काय करता? आत पार्टिशन टाकून चार गाळे करता. प्रत्येक गाळ्याला वेगळं शटर, वेगळं कुलूप. एका गाळ्यातल्या माणसाला शेजारच्या गाळ्यात काय चाललंय ते दिसत नाही. पण पाया, छप्पर आणि लाइटचं मुख्य कनेक्शन एकच.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे हेच पार्टिशन. एका खऱ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क वाटून त्यात तीन-चार स्वतंत्र कॉम्प्युटर तयार करायचे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकात वेगळं विंडोज किंवा लिनक्स चालतं. ही वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला म्हणतात हायपरव्हायजर.

आणि क्लाउड म्हणजे? दुसऱ्याच्या प्रचंड मोठ्या शेडमधला गाळा भाड्याने घेणं. तोसुद्धा अकरा महिन्यांच्या करारावर नाही, तासाच्या हिशोबाने. हवा तेव्हा घ्या, मोठा करा, लहान करा, सोडून द्या. मीटर फिरेल तेवढंच बिल.

थोडक्यात, व्हर्च्युअलायझेशन हे तंत्र आहे आणि क्लाउड ही सेवा घेण्याची पद्धत आहे. क्लाउड कंपन्या मुख्यतः याच तंत्राच्या जोरावर गाळे भाड्याने देतात. पण पार्टिशन तुम्ही स्वतःच्या शेडमध्येही टाकू शकता. तेव्हा व्हर्च्युअलायझेशन झालं, क्लाउड नाही झालं.

आधी कोण आलं?

हे पार्टिशनचं तंत्र जुनं आहे. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात मोठ्या मेनफ्रेम मशीनवर ते सुरू केलं आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० नावाने बाजारात आणलं. मेनफ्रेम महाग होतं, त्यामुळे एकाच मशीनमध्ये अनेकांचं काम बसवणं भाग होतं. पुढे १९९८ मध्ये व्हीएमवेअर कंपनी सुरू झाली आणि तेच काम साध्या पीसीवर आणि सर्व्हरवर व्हायला लागलं.

क्लाउड त्यानंतरचा. २००६ मध्ये अॅमेझॉनने आधी स्टोरेज आणि मग कॉम्प्युटर तासावर भाड्याने द्यायला सुरुवात केली. ते भाड्याचे कॉम्प्युटर म्हणजे झेन नावाच्या हायपरव्हायजरवर चालणारी व्हर्च्युअल मशीन्सच होती. पार्टिशन आधी आलं, भाड्याचा धंदा त्यावर उभा राहिला.

आज हे गाळे आपल्या दारात आहेत. मायक्रोसॉफ्टचं पुण्यातलं केंद्र २०१५ मध्ये, अॅमेझॉनचं मुंबईतलं २०१६ मध्ये आणि गूगलचं मुंबईतलं २०१७ मध्ये सुरू झालं. सांगली-नाशिकच्या माणसाने क्लाउड घेताना मुंबई किंवा पुणे निवडलं, तर परदेशातल्या मशीनपेक्षा काम चटकन होतं.

खरा क्लाउड कसा ओळखायचा?

आता सावध करतो. बाजारात कुणी आपल्या ऑफिसातला एक पीसी इंटरनेटला जोडतो आणि "क्लाउड सर्व्हर" म्हणून विकतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणं सांगितली. ती मी आपल्या भाषेत प्रश्न करून देतो. विक्रेत्याला सरळ विचारा:

१. मला कुणाला फोन न करता स्वतः मशीन चालू-बंद करता येईल का?
२. नेटवरून, कोणत्याही साध्या उपकरणावरून वापरता येईल का?
३. मागे मोठा सामायिक साठा आहे, की एकच डबा आहे?
४. दिवाळीच्या आठवड्यात दुप्पट ताकद घेऊन नंतर कमी करता येईल का?
५. वापर मोजला जातो का आणि तो मला दिसतो का?

पाचही ठिकाणी "हो" आलं, तर क्लाउड. नाहीतर ते नुसतं भाड्याचं मशीन आहे. ते वाईटच असतं असं नाही, पण त्याचा भाव क्लाउडचा देऊ नका.

स्वतःच्या शेडमध्ये पार्टिशन: कधी परवडतं?

आपल्या व्यापारी मित्राला तीन कामांसाठी मशीन हवं होतं: अकाउंटिंग, ऑफिसच्या फायली आणि फक्त जुन्या विंडोज ७ वर चालणारं एक पार्ट-कॅटलॉगचं सॉफ्टवेअर. जुन्या पद्धतीने तीन पीसी लागले असते. ३२ जीबी मेमरीच्या एका बऱ्या मशीनमध्ये तिन्ही बसतात: अकाउंटिंगला १२, फायलींना ८, कॅटलॉगला ४ आणि उरलेली ८ मुख्य मशीनला.

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले. म्हणून ते वेगळ्या गाळ्यात ठेवायचं आणि त्या गाळ्याला इंटरनेट द्यायचंच नाही. काम चालतं, धोका आटोक्यात राहतो.

दुसरा फायदा असा की व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी काही मोठ्या फायली. मशीन बंद पडलं तर बॅकअपमधल्या त्या फायली दुसऱ्या मशीनवर टाकून काम पुन्हा सुरू करता येतं. सगळं नव्याने इन्स्टॉल करत बसायला नको.

पण तीन गोष्टी कोटेशनवाला सांगत नाही.

पहिली, छप्पर एकच आहे. मशीनचा पॉवर सप्लाय गेला की तिन्ही कामं एकदम थांबतात. बॅकअप आणि बरा यूपीएस नसेल, तर हा सौदा करूच नका.

दुसरी, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर पडून असेल, तर डिस्कबरोबर तोही जातो.

तिसरी, लायसन्स. प्रत्येक गाळ्यातल्या विंडोजचा हिशोब वेगळा लागतो. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन्स पूर्ण मशीनसाठी घेतलं, तर त्यात दोन व्हर्च्युअल मशीन चालवायची परवानगी मिळते. तिसऱ्याचं काय, ते आधीच लेखी विचारा.

हायपरव्हायजरसाठी पैसे द्यावेच लागतात असं नाही. हायपर-व्ही विंडोजच्या प्रो आवृत्तीत येतं, होममध्ये येत नाही. प्रॉक्समॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. आणि "माझं स्वतःचं आहे, मला भाडं नाही" या भ्रमातही राहू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि लगेचच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबवून वार्षिक वर्गणी सुरू केली. म्हणजे शेड तुमची असली, तरी पार्टिशनचं भाडं सुरू होऊ शकतं.

आता गणित

खालचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या कोटेशनचे आकडे त्या जागी टाका.

*स्वतःचं मशीन:* यूपीएससह १,२०,००० रुपये, पाच वर्षांत विभागले तर वर्षाला २४,०००. मशीन १५० वॅट खातं, चोवीस तास चालू, म्हणजे वर्षाला १,३१४ युनिट. दहा रुपयांनी १३,१४०. देखभाल १२,०००. बाहेर ठेवलेला बॅकअप ६,०००. एकूण ५५,१४०.

*क्लाउड, चोवीस तास चालू:* मशीनचे महिन्याला ४,०००, डिस्क आणि बॅकअपचे १,०००. शिवाय नेट गेलं तर धंदा थांबेल, म्हणून दुसरं इंटरनेट कनेक्शन १,०००. महिना ६,०००, वर्षाला ७२,०००.

इथे बरेच जण वही बंद करतात आणि म्हणतात, "क्लाउड महाग." थांबा. ऑफिस किती तास चालतं? रोज १० तास, महिन्यात २६ दिवस, म्हणजे २६० तास. महिन्यात एकूण तास साधारण ७३०. रात्री आणि रविवारी मशीन बंद ठेवलं, तर ४,००० चे साधारण १,४२५ होतात. डिस्क आणि नेटचे २,००० तसेच राहतात. महिना ३,४२५, वर्षाला ४१,१००.

बघा, तोच क्लाउड ७२ हजारांवरून ४१ हजारांवर आला. क्लाउडचा फायदा मीटर बंद करणाऱ्यालाच मिळतो. घरी बसवलेल्या सर्व्हरसारखा तो अखंड चालू ठेवला, तर तुम्ही भाडं भरून मालकाची सवय पाळताय.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. एका बॅचच्या डेमोसाठी मशीन चालू केलं आणि विंडोजमधून शटडाउन करून घरी गेलो. महिनाअखेर बिल आलं तेव्हा कळलं की आतून शटडाउन केलं, तरी काही सेवांमध्ये गाळा तुमच्याच नावावर राहतो. तो पोर्टलवर जाऊन सोडावा लागतो. त्या दिवसापासून दोन कामं न चुकता करतो: वेळापत्रक लावून मशीन आपोआप बंद करणं आणि ठरावीक रकमेवर इशारा येईल असं सेट करणं. तुम्ही ही दोन्ही कामं पहिल्याच दिवशी करा.

क्लाउड घेतला म्हणजे बॅकअप झाला?

नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्या ग्राहकांनी दुसरीकडे कॉपी ठेवली नव्हती, त्यांच्यातल्या अनेकांचा डेटा कायमचा गेला. क्लाउडमागेही शेवटी छप्पर, वायर आणि वीजच असते. म्हणून मशीन कुठेही असो, एक कॉपी वेगळ्या ठिकाणी हवीच. आणि तीन महिन्यांतून एकदा ती कॉपी उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

कायद्याचंही लक्षात ठेवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल आणि हिशोब कॉम्प्युटरवर ठेवत असाल, तर त्याचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असायला हवा. तुमच्या सीएला विचारून घ्या.

मग करायचं काय?

प्रत्येक कामाला वेगळा प्रश्न विचारा.

- ईमेल, बिलिंग, फाइल शेअरिंग यांसाठी तयार ऑनलाइन सॉफ्टवेअर मिळतं का? मग मशीनचा विचारच सोडा. हा डबा लावण्यासारखा प्रकार. स्वयंपाकघर कुणाचं, याच्याशी तुम्हाला घेणं नाही.
- काम कमी-जास्त होतं, माणसं बाहेरगावाहून काम करतात, नेट भरवशाचं आहे? क्लाउड.
- नेट वारंवार जातं, फायली मोठ्या आहेत, जुनं सॉफ्टवेअर सोडवत नाही, मशीन दिवसरात्र लागतं? स्वतःचं मशीन, पण व्हर्च्युअलायझेशन करूनच.

आपल्या व्यापारी मित्राने शेवटी दोन्ही कोटेशन परत केली. ईमेल आणि फायलींसाठी महिन्याच्या वर्गणीवर सेवा घेतली. अकाउंटिंग आणि जुना कॅटलॉग ऑफिसातल्या एका मध्यम मशीनवर दोन गाळ्यांत ठेवला, बॅकअप क्लाउडवर. मोठ्या सर्व्हरचे पैसे वाचले, ते मालात घातले. उद्या दुसरी शाखा निघाली, तर अकाउंटिंगचा गाळा क्लाउडवर हलवता येईल. थोडी तांत्रिक खटपट लागेल, पण पाया तयार आहे. आज केलेलं व्हर्च्युअलायझेशन उद्याच्या क्लाउडची अर्धी वाट चालून झालेली असते, ती अशी.

आजचा गृहपाठ: एका कागदावर तुमच्या धंद्यातली कॉम्प्युटरची सगळी कामं लिहा. प्रत्येकासमोर तीन रकाने करा: रोज किती तास लागतं, नेट नसेल तर किती वेळ थांबू शकतं आणि डेटा गेला तर किती नुकसान. हा कागद हातात असल्याशिवाय कुठलंही कोटेशन मागवू नका. विक्रेत्याने तुम्हाला काय हवं ते सांगण्याआधी तुम्हीच ते सांगायला हवं.

पुढच्या व्हिडिओत बॅकअपचं वेळापत्रक कसं लावायचं ते करून दाखवतो. तोवर कामाला लागा!