खड्डे बुजले म्हणजे रस्ता सुरक्षित झाला का?

7 ऑगस्ट 2025. पहाटेची वेळ. गडचिरोली जिल्ह्यातल्या काटली गावाजवळ, आरमोरी–गडचिरोली महामार्गावर व्यायाम करणाऱ्या सहा मुलांना ट्रकने उडवलं. चार मुलांचा जीव गेला.

आपल्या भागात महामार्ग हाच गावचा रस्ताही असतो. आष्टी–आलापल्ली मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, चंद्रपूरकडे कोळशाचे ट्रक आणि त्याच डांबरावर सायकलने शाळेत जाणारी मुलं, एसटीची वाट पाहणाऱ्या बाया, फजरच्या अंधारात मशिदीकडे निघालेले बुजुर्ग. म्हणून दुरुस्ती म्हटलं की फक्त खड्ड्यांचा विचार पुरत नाही. गुळगुळीत रस्त्यावर गाड्या आणखी जोरात धावतात.

मागायचं काय?

गाव लागण्याआधी वेग कमी करणारे पट्टे आणि फलक. पायी चालता येईल अशी पक्की साइडपट्टी. शाळा, दवाखाना, मशीद, बाजार आणि एसटी थांब्याजवळ दिवे व ओलांडायची ठरलेली जागा. जंगलातून रस्ता रुंद करायचा तर वनखात्याच्या मंजुरीत वेळ जातो, पण आहे त्या रस्त्यावर पांढरे पट्टे मारायला, रात्री चमकणारे फलक लावायला तेवढं थांबावं लागत नाही. चंद्रपूर–मूल मार्गासारख्या ठिकाणी वेग कमी झाला तर माणूसही वाचतो आणि रस्ता ओलांडणारा वाघ-चितळही.

अर्ज कुठे द्यायचा?

इथेच बहुतेक लोक फसतात. चंद्रपूर–मूल–गडचिरोली हा राष्ट्रीय महामार्ग 930, तर आरमोरी–गडचिरोली–आष्टी–सिरोंचा हा 353-सी. यांच्यासाठी राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे जावं लागतं. राज्य मार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग, गावरस्त्यासाठी जिल्हा परिषद, शहरातल्या गल्लीसाठी महापालिका किंवा नगरपरिषद. अर्जाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला जरूर द्या. नेमकी जागा, फोटो, तारीख लिहा आणि पोचपावती घ्या.

राष्ट्रीय महामार्गावर सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर वा प्राणघातक अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’ धरली जाते. पण ही मोजणी पोलिसांतल्या नोंदीवरून होते. गावातच मिटवलेला अपघात त्यात येत नाही. म्हणून नोंद करायलाच हवी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 198-अ नुसार, रस्त्याच्या सदोष बांधणी-देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना वापरता येणारे फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

भरपाई मिळाली तरी गेलेलं लेकरू परत येत नाही. म्हणून रस्त्याचं काम सुरू होण्याआधीच ग्रामसभेत, मोहल्ल्याच्या बैठकीत बसा, आपल्या धोक्याच्या जागांची यादी करा आणि सगळ्या समाजांच्या सह्यांनी अर्ज द्या. काम झाल्यावर बदल करून घेणं फार अवघड जातं.