दोन तृतीयांश आमदार गेले म्हणजे सगळं कायदेशीर?

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले. त्या आठवड्यात सगळ्या मराठी वाहिन्यांवर एकच आकडा फिरत होता: ३७. शिवसेनेचे तेव्हा विधानसभेत ५५ आमदार होते आणि त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३७. तेवढी डोकी जमली की गट ‘सेफ’, मग पक्षांतरबंदी कायदा काही करू शकत नाही, असं निवेदक आणि प्रवक्ते रात्रंदिवस सांगत होते. तेव्हापासून हे वाक्य लोकांच्या तोंडी बसलं आहे. चहाच्या टपरीवर ते ऐकू आलं तर मी समजू शकतो. पण शिकलेसवरलेले लोक, अगदी वकिलीची सनद असलेलेही, तेच छातीठोकपणे सांगतात तेव्हा राग येतो, कारण राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात असं कुठेही लिहिलेलं नाही. परिशिष्ट जेमतेम काही पानांचं आहे. ते उघडून वाचायला अर्धा तास पुरतो.

हा गैरसमज आला कुठून, ते आधी पाहू. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली, तेव्हा तिच्यात दोन पळवाटा होत्या. पहिली फुटीची: विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश सदस्य एकत्र बाहेर पडले तर त्यांची आमदारकी वाचत असे. १९९१ च्या डिसेंबरमध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले ते याच तरतुदीच्या आधाराने. एकट्याने पक्ष बदलला तर शिक्षा आणि टोळीने बदलला तर माफी, असा त्याचा अर्थ होत होता. त्यावर इतकी टीका झाली की २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने ते कलमच काढून टाकलं. एक तृतीयांशाच्या जागी दोन तृतीयांश आलं, असं लोक समजतात ते इथेच चुकतात. फुटीला मान्यता देणारं कलम कायद्यातून साफ गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

उरली दुसरी पळवाट, विलीनीकरणाची. ती पहिल्यापासून होती आणि आजही आहे. मूळ राजकीय पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि विधिमंडळ पक्षातल्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला संमती दिली, तर त्या सदस्यांना अपात्र ठरवता येत नाही. ज्यांना विलीनीकरण मान्य नाही, जे मागे राहतात, त्यांनाही संरक्षण आहे. म्हणजे दोन तृतीयांश हा आकडा कायद्यात आहे, पण तो विलीनीकरणाला जोडलेला आहे. वेगळा गट करून ‘आम्ही स्वतंत्र बसतो’ म्हणण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

यावर शंका असेल तर ११ मे २०२३ चा सुभाष देसाई खटल्याचा निकाल पाहावा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यात स्पष्ट केलं आहे की पक्षात फूट पडली हा आता अपात्रतेवरचा बचाव होऊ शकत नाही. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, आमदारांच्या गटाचा नाही, हेही त्याच निकालात आहे.

मग गुवाहाटीला गेलेले एकनाथ शिंदे यांचे आमदार अपात्र का ठरले नाहीत? हा प्रश्न लगेच येतो आणि तो रास्त आहे. उत्तर असं की त्यांनी विलीनीकरणाचा दावा कधी केलाच नाही. त्यांचा दावा होता की आम्हीच शिवसेना. पक्ष कुणाचा आणि चिन्ह कुणाचं हा वाद १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाखाली निवडणूक आयोगापुढे चालतो आणि आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनीही तोच गट खरी शिवसेना मानून दोन्ही बाजूंच्या कुणालाच अपात्र ठरवलं नाही. राष्ट्रवादीच्या बाबतीतही फेब्रुवारी २०२४ मध्ये याच वाटेने अजित पवार गटाला पक्ष आणि घड्याळ मिळालं. हे निर्णय बरोबर की चूक यावर वाद आहे. मला स्वतःला ते पटलेले नाहीत, कारण पक्ष कुणाचा हे ठरवताना आमदार-खासदारांच्या संख्येला इतकं वजन दिलं तर कायदा ज्यांना शिक्षा करायला निघाला होता त्यांनाच पक्षाची मालकी मिळते. पण तो वाद वेगळा. ३७ या आकड्याने त्यातलं काहीही ठरलं नाही.

दोन तृतीयांशाचं कलम खरोखर कसं काम करतं ते पाहायचं असेल तर गोव्यात जावं लागतं. आणि तिथे गेलं की दुसरा एक लाडका गैरसमजही कोसळतो: छोटे पक्ष मोठ्यांना वेठीला धरतात, हा.

२०१७ ची गोवा विधानसभा. ४० पैकी काँग्रेस १७, भाजप १३, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष म्हणजे मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३ आणि राष्ट्रवादी १. गोवा फॉरवर्डने प्रचार केला होता भाजपविरोधात. निकालानंतर मात्र मगो आणि गोवा फॉरवर्ड दोघांनी सांगितलं की मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तरच पाठिंबा. पर्रीकर संरक्षणमंत्रिपद सोडून पणजीला परतले. तीन-तीन आमदारांच्या पक्षांनी देशाचा संरक्षणमंत्री बदलायला लावला. वेठीला धरण्याचं याहून ठळक उदाहरण शोधून मिळणार नाही. बहुतेक लोक ही गोष्ट इथेच थांबवतात आणि म्हणतात, बघा, छोट्यांची केवढी ताकद! पुढची दोन वर्षं कुणी सांगत नाही.

१७ मार्च २०१९ रोजी पर्रीकर गेले. १९ मार्चला पहाटे दोनच्या सुमारास राजभवनावर प्रमोद सावंत यांचा शपथविधी झाला. मगोचे सुदिन ढवळीकर आणि गोवा फॉरवर्डचे विजय सरदेसाई यांना उपमुख्यमंत्रिपद मिळालं, कारण अजूनही त्यांच्यावाचून बहुमत होत नव्हतं. आठ दिवस होतात न होतात तोच बाबू आजगावकर आणि दीपक पाऊसकर या मगोच्या दोन आमदारांनी २७ मार्चला, मध्यरात्र उलटल्यावर, मगो विधिमंडळ पक्ष भाजपमध्ये विलीन झाल्याचं पत्र दिलं. तिघांपैकी दोघे म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. ढवळीकरांचं उपमुख्यमंत्रिपद गेलं आणि ते आजगावकरांकडे आलं.

जुलैमध्ये काँग्रेसची पाळी आली. राजीनामे आणि पोटनिवडणुकांनंतर तिच्याकडे १५ आमदार उरले होते. विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर यांच्यासह बरोबर १० जण भाजपमध्ये गेले. भाजपचं बळ २७ झालं. त्याच आठवड्यात सरदेसाई आणि गोवा फॉरवर्डच्या इतर मंत्र्यांना मंत्रिमंडळातून वगळण्यात आलं. कवळेकर उपमुख्यमंत्री झाले. ज्या तीन आमदारांसाठी पर्रीकरांना दिल्ली सोडावी लागली होती, त्यांची गरज संपायला सव्वादोन वर्षं लागली.

आकडेमोड नीट पाहा. १५ आमदारांचा पक्ष गिळायला दहा जण वळवावे लागतात. तीन आमदारांचा पक्ष गिळायला दोघे पुरतात. आणि एकच आमदार असेल तर? २०१७ मध्ये राष्ट्रवादीचे एकमेव आमदार म्हणून निवडून आलेल्या चर्चिल आलेमाव यांनी डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रवादीचा विधिमंडळ पक्ष तृणमूल काँग्रेसमध्ये विलीन झाल्याचं जाहीर केलं. एक माणूस, शंभर टक्के संमती! मुंबईत आणि दिल्लीत राष्ट्रवादी काँग्रेस जागच्या जागी होती. राजस्थानात बहुजन समाज पक्षाचे सहाच्या सहा आमदार २००९ मध्ये काँग्रेसमध्ये विलीन झाले आणि पुढे नव्याने निवडून आलेले सहाही २०१९ मध्ये तसेच गेले. मायावतींच्या पक्षाने विलीनीकरणाचा कोणताही ठराव केला नव्हता.

छोट्या पक्षाचं वजन हे बहुमताला किती जण कमी पडतात त्यावर असतं आणि तोवरच टिकतं. मोठ्या पक्षाला ती तूट दुसरीकडून भरून काढता आली की छोट्याच्या हातात काही राहत नाही. उलट सर्वांत स्वस्तात फुटणारा तोच असतो. बंडखोरांच्या संख्येवर माफी ठेवणारं कलम छोट्या पक्षांना जवळजवळ उघड्यावर सोडतं, आणि चाळीस-चाळीस जागांच्या विधानसभांमध्ये याचा अर्थ फार मोठा होतो. मगो हा काही कालपरवाचा पक्ष नाही. दयानंद बांदोडकरांच्या या पक्षाने १९६३ पासून १९७९ पर्यंत गोव्यावर राज्य केलं आहे. तो विलीन झाला की नाही हे दोन आमदारांच्या सहीवर ठरावं?

न्यायालयापुढे नेमका हाच मुद्दा होता: मूळ पक्षाने विलीनीकरण केलेलं नसताना नुसती आमदारांची संमती पुरते का? दहाव्या परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदाच्या दुसऱ्या भागात म्हटलं आहे की दोन तृतीयांश सदस्यांनी संमती दिली तरच विलीनीकरण झालं असं मानावं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याचा अर्थ आमदारांच्या बाजूने लावला आणि बारा जणांची अपात्रता फेटाळली. म्हणजे ‘दोन तृतीयांश असले की सुटतो’ या समजुतीला एवढा एक आधार आहे, आणि तोही दुसऱ्या पक्षात जाणाऱ्यांपुरता. माझ्या वाचनाप्रमाणे दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्यात, आधी पक्षाचं विलीनीकरण आणि मग आमदारांची संमती. सुभाष देसाई निकालाने राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष यांत जो फरक केला आहे, त्यानंतर तर तसंच वाचणं सरळ वाटतं. शिवाय निकाल कधी आला ते पाहा: २०१९ चं पक्षांतर, अध्यक्षांचा निर्णय एप्रिल २०२१ मध्ये, आणि उच्च न्यायालयाचा निकाल पुढच्या विधानसभेचं मतदान होऊन दहा दिवस झाल्यावर.

त्या निवडणुकीत कवळेकर हरले. आजगावकर मडगावात काँग्रेसच्या दिगंबर कामतांकडून हरले. काँग्रेसने तर मतदानाआधी आपल्या उमेदवारांना देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली होती. १४ सप्टेंबर २०२२ रोजी काँग्रेसच्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले आणि त्यात कामत होते.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो.

पक्षाने हकालपट्टी केली की आमदार मोकळा होतो, असं नाही. जी. विश्वनाथन खटल्यात १९९६ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तो मूळ पक्षाचाच सदस्य मानला जातो आणि दुसऱ्या पक्षात गेला तर अपात्र ठरतो.

लेखी राजीनामा दिला नाही म्हणजे पक्ष सोडला नाही, असंही नाही. वागणुकीवरून निष्कर्ष काढता येतो. हा दंडकही गोव्याचाच, रवी नाईक खटल्यातला, १९९४ चा.

राज्यसभेच्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाला मत दिलं म्हणून या कायद्याखाली आमदारकी जात नाही. हिमाचलात फेब्रुवारी २०२४ मध्ये सहा काँग्रेस आमदारांनी तसं मत दिलं, पण ते अपात्र ठरले ते अर्थसंकल्पाच्या वेळी पक्षादेश मोडून गैरहजर राहिल्यामुळे.

अपक्ष कुठेही जाऊ शकतो? पाठिंबा कुणालाही देऊ शकतो, निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर मात्र अपात्र.

अपात्र ठरलं की सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही, ही गल्लत गुन्ह्यातल्या शिक्षेच्या कायद्याशी होते. कर्नाटकात २०१९ मध्ये अपात्र ठरलेले बरेच आमदार त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोटनिवडणुकीत उतरले, जिंकले आणि पुढे त्यांतले अनेक मंत्रीही झाले.

नितीशकुमार इतक्या वेळा बाजू बदलतात, त्यांना कायदा का लागू होत नाही? कारण अख्खा पक्ष आघाडी बदलतो तेव्हा ते पक्षांतर नसतं. मतदाराची फसवणूक असू शकते. कायदा तिच्याबद्दल बोलत नाही.

नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांना पक्षांतरबंदी नाही, असं सर्रास म्हटलं जातं. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी १९८६ चा स्वतंत्र कायदा आहे.

पक्षांतर हा आजच्या पिढीचा रोग आहे, हे म्हणणाऱ्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील समितीचा १९६९ चा अहवाल पाहावा. १९६७ नंतरच्या वर्षात सात राज्यांतल्या २१० पक्षांतर करणाऱ्यांपैकी ११६ जण, ज्या सरकारांना त्यांनी सत्तेवर आणलं, त्यांतच मंत्री झाले, अशी त्यात नोंद आहे.

अध्यक्षांचा निर्णय अंतिम, न्यायालय हात लावू शकत नाही, हेही खरं नाही. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालापासून तो तपासता येतो. अडचण आहे ती अध्यक्ष निर्णयच देत नाहीत तेव्हा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात तीन महिन्यांची मर्यादा सुचवली आणि अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण नेमण्याचा संसदेने विचार करावा असं म्हटलं. न्यायाधिकरण झालेलं नाही. जुलै २०२५ मध्ये तेलंगणच्या दहा आमदारांच्या प्रकरणात न्यायालयाला पुन्हा तीन महिन्यांत निर्णय द्या असं अध्यक्षांना सांगावं लागलं.

आणि अपात्रतेची याचिका फक्त आमदारच करू शकतो, हा शेवटचा. सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या एका प्रकरणात २०१३ मध्येच हा समज खोडून काढला आहे. गोव्यात दहा काँग्रेस आमदारांविरुद्ध अध्यक्षांकडे आणि मग उच्च न्यायालयात गेले ते गिरीश चोडणकर तेव्हा प्रदेशाध्यक्ष होते, आमदार नव्हते.