दाणदाण पाऊल कुणाचे?

मराठीत पावलांच्या आवाजासाठी एकच शब्द नाही. कुणी हळूच आले तर 'चाहूल' लागते. जड अंगाचा माणूस 'धपधप' चालतो. रागात कुणी 'ताडताड' निघून जातो, आणि पाय आपटत गेला तर 'दाणदाण' गेला म्हणतात. हा शेवटचा शब्द मात्र जपून लिहावा. एक काना वाढला की 'दाणादाण' होते, आणि दाणादाण उडते ती हरलेल्या फौजेची!

आपल्या घरांत उर्दूही बोलली जाते. तिथे चाहूल म्हणजे 'आहट' आणि दबक्या पावलांनी म्हणजे 'दबे पाँव'. जड पावलाने जमिनीला जो हादरा बसतो, त्याला उर्दूत 'धमक' म्हणतात. मराठीतही 'धमक' आहे, पण तिचा अर्थ अंगातला जोर, हिंमत. मुलांना असे जोडशब्द शेजारी ठेवून दाखवावेत. दोन्ही भाषा पक्क्या होतात.

आता हे शब्द आपण कुणासाठी वापरतो ते पाहा. मुलगी जिन्यावरून जोरात उतरली की लगेच ऐकू येते, "दाणदाण काय चालतेस? पोरीची जात आहे!" तिचा भाऊ तसाच उतरला तर दादी हसून म्हणते, "आला माझा पैलवान!" आवाज एकच, शब्द मात्र दोन.

सूरह लुकमानमध्ये तोऱ्यात न चालण्याची, चाल मध्यम आणि आवाज खाली ठेवण्याची नसीहत आहे. हजरत लुकमान यांनी ती केली आपल्या मुलाला. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांची लक्षणे सांगताना नम्रतेने चालणे सर्वांत आधी येते. सूरह नूरमध्ये स्त्रियांना पाय आपटू नका असे सांगितले आहे, पण तिथे संदर्भ लपलेल्या दागिन्यांचा आहे. म्हणजे चालण्याचा अदब एकट्या मुलीच्या वाट्याचा नाही.

खालच्या मजल्यावर तान्हे बाळ असते, कुणी आजारी असते. सहेरीच्या वेळी सारी इमारत जागी नसते. म्हणून 'हळू चाल' हे सांगायलाच हवे, पण दोघांनाही, आणि एकाच शब्दात.

आणखी एक. मुलगी रागाने पाय आपटत गेली, तर तिला काहीतरी सांगायचे असते. तिला टोकण्याआधी जवळ बसवून विचारावे, "बेटा, काय झाले?" तिच्या पावलातली धमक जरूर कमी करू या, मनातली मात्र राहू द्या.