पट्ट्यावरचे फुलपाखरू आणि चांदीची गदा

मुळशी तालुक्यात कुस्तीची ओळख करून द्यावी लागत नाही. आम्ही घोटावड्याची मंडळी तर हलगीच्या आवाजातच वाढलो. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातील मुठा गावचे. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. 2025 साली अहिल्यानगरला मुळशीच्या पृथ्वीराज मोहोळने ती गदा उचलली, तेव्हा तालुकाभर गुलाल उधळला गेला. त्याच वर्षी जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे भाग्यश्री फंड महिला महाराष्ट्र केसरी झाली. हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

विजेत्याच्या हाती काय देतात, यावरून देणाऱ्याच्या मनात त्याची काय किंमत आहे ते कळते. आमच्या घरातली मुले दूरचित्रवाणीवर अमेरिकेची व्यावसायिक कुस्ती बघतात. ती कुस्ती आधी ठरवून खेळतात, हे मुलांनाही माहीत असते! पण तिथल्या पट्ट्याची गोष्ट खरी आहे. डब्ल्यूडब्ल्यूई या कंपनीने 2008 साली महिलांसाठी जो नवा पट्टा काढला, त्यावर मधोमध गुलाबी फुलपाखरू होते. पुरुषांच्या पट्ट्यावर गरुड मिरवत आला. बायकांना मात्र फुलपाखरू. 1956 पासून चालत आलेले महिलांचे जुने अजिंक्यपदही 2010 साली या फुलपाखरातच विलीन केले गेले. 2015 साली बायकांची कुस्ती अर्ध्या मिनिटात आटोपल्यावर प्रेक्षकच खवळले आणि या मुलींना संधी द्या, अशी ओरड झाली. अखेर 3 एप्रिल 2016 रोजी फुलपाखरू निवृत्त झाले. नवा पट्टा पुरुषांच्याच घडणीचा होता. चामडे मात्र काळ्याऐवजी पांढरे. तो पहिल्यांदा शार्लट फ्लेअरने जिंकला.

हे वाचून अमेरिकेला हसण्याचे कारण नाही. आमच्याकडे पुरुषांची महाराष्ट्र केसरी 1961 साली औरंगाबादला सुरू झाली. दिनकर दह्यारी पहिले मानकरी. महिलांची पहिली स्पर्धा सांगलीत झाली, ती मार्च 2023 मध्ये! मधली 62 वर्षे कोणते फुलपाखरूसुद्धा नव्हते. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून चांदीची गदा मिळवली. गदा म्हणजे हनुमानाचे आयुध, आणि तालमीच्या कोपऱ्यात बसलेला मारुती ब्रह्मचारी. म्हणून तालमीचा उंबरा बाईने ओलांडायचा नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. देवाच्या नावाने उंबऱ्याबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे आमच्या समाजाला कुणी समजावून द्यायला नको. तीच गदा एका मुलीने खांद्यावर घेतली, याचा आम्हाला विशेष आनंद वाटला.

कल्याणवरून हमीदा बानू आठवते. 1954 साली मुंबईत तिने रशियाच्या वेरा चिस्तिलिनला एका मिनिटाच्या आत लोळवले. पुण्यात मात्र रामचंद्र साळुंखे यांच्याबरोबर ठरलेली तिची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली. त्यांचे उत्तर असे की, ती स्त्री आहे म्हणून बंदी नव्हे, तर तिच्यापुढे लुटुपुटीचे मल्ल उभे केले जातात अशा तक्रारी आहेत म्हणून. कोल्हापुरात तर एका पुरुष मल्लाला हरवले म्हणून तिच्यावर दगड आले. पुढे कल्याणला तिने रस्त्याकडेला खाद्यपदार्थ विकून दिवस काढले, आणि 1986 साली ती गेली. तिला ना पट्टा, ना गदा.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप सांगितले. ते माप आखाड्यालाही लावावे लागेल. 30 मे 2023 रोजी, म्हणजे सांगलीनंतर दोनच महिन्यांनी, साक्षी मलिक आणि विनेश फोगाट आपली पदके गंगेत सोडायला हरिद्वारला गेल्या होत्या. लैंगिक छळाच्या तक्रारीची दाद लागेना, तेव्हा ऑलिंपिकचे पदकही हातात जड झाले. शेतकरी नेत्यांनी समजूत घातली म्हणून पदके वाचली.

गावोगावच्या जत्रांचा हंगाम आला की आखाड्याच्या जाहिराती भिंतींवर लागतात. वर मानाची कुस्ती, तिच्या इनामाचा आकडा ठळक. अगदी तळाला रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या. मुलींची जोड कोणत्या ओळीवर आणि किती इनामावर लागते, ते घोटावड्यातील आमच्या भगिनींनी या वेळी बोट ठेवून वाचावे, आणि यात्रा कमिटीला विचारावे.