गहू न सोसणाऱ्याचे ताट



या पानांवर बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि हंगामाचा हिशेब यांची चर्चा नेहमीच होते. या वेळी आम्ही आपणांस चुलीपाशी नेणार आहोत. कारण असे की, एक आजार असा आहे ज्याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. त्याचे औषध ताटातच वाढावे लागते आणि ते औषध आपल्याच काळ्या रानात पिकते. या आजाराचे नाव सिलियाक. नाव परदेशी वाटते खरे, पण आजार आपल्याकडेही आहे. तो ओळखला जात नाही, एवढेच.

आजार कसा असतो?

घरात एखादे पोर असते. खाते-पिते, पण अंगी लागत नाही. पोट फुगलेले, हातपाय काटक्या. वरचेवर जुलाब. बरोबरीची मुले खांद्याच्या वर गेली तरी याची उंची हलत नाही. जंताचे औषध होते, टॉनिकच्या बाटल्या होतात, नजर काढून होते. "आमच्या घराण्यातच शरीरयष्टी बारीक," असे म्हणून गोष्ट तिथेच राहते.

मोठ्या माणसांत तर कित्येकदा जुलाबही नसतात. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नाही, तोंड वरचेवर येते, हाडे ठिसूळ होतात. मुलींची पाळी उशिरा येते, कधी दिवस राहण्यास अडचण होते. दोष मात्र त्या बाईच्या नशिबाला दिला जातो.

या सगळ्याच्या मागे दुसरी कारणेही असू शकतात. पण एक कारण सिलियाक असू शकते, हे आपल्या घरांत माहीत असले पाहिजे.

गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत चोळत धुवा. पांढरे पाणी निघून जाते आणि हाती रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन. चपाती ताणली जाते, पाव फुगतो, तो याच्याच बळावर. गव्हाप्रमाणेच जव आणि युरोपात पिकणारे राय या धान्यांतही याच जातीची प्रथिने असतात. बहुतेकांना ती बाधत नाहीत. परंतु काही माणसांचे शरीर त्यांना शत्रू समजते आणि लढता लढता स्वतःच्याच लहान आतड्याचे नुकसान करून घेते. आतड्याच्या आत मखमलीसारखी बारीक लव असते. अन्नातले सत्त्व तीच शोषते. ती झडून सपाट झाली की लोह, चुना, जीवनसत्त्वे सगळे वाहून जाते. उसाच्या पांढऱ्या मुळ्या कुजल्यावर वरून कितीही खत टाकले तरी पीक पिवळेच राहते, तसाच हा प्रकार.

याचा शोध कसा लागला, तेही सांगण्याजोगे आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. अशा मुलांना गहू बाधतो, असा त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या धामधुमीत, तिथे अन्नाची भयंकर टंचाई झाली. पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारली आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. पुढे पद्धतशीर निरीक्षणे करून डिके यांनी १९५० साली आपला प्रबंध मांडला. तेव्हापासून या आजाराचा उपाय एकच आहे : गहू बंद, आणि तोही जन्मभर.

आपल्या देशात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भागात साधारण शंभरात एकाला, तर दक्षिणेकडे हजारात एकाला हा आजार आढळला. जिथे गहू रोजच्या जेवणात, तिथे प्रमाण जास्त. आता आपण आपल्याच घराकडे पाहू. आपल्या आजोबांच्या काळी चपाती सणाला किंवा पाहुणा आला तर व्हायची. पाट आले, ऊस आला, हातात पैसा खेळू लागला आणि चपाती रोजची झाली. भाकरी मागे पडली. त्यात चुकीचे काही नाही, पण ज्याला गहू सोसत नाही त्याची वाट त्यामुळे बिकट झाली.

आधी तपासणी, मग पथ्य

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. संशय आला म्हणून परस्पर गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची एक विशिष्ट तपासणी असते. तीत दोष दिसला तर बहुधा दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहतात. गहू आधीच सोडला असेल, तर तपासणी फसवी येते आणि मग खरे काय ते कळणे अवघड होते. आजार ठरला, तर त्या माणसाच्या भावंडांची, आईवडिलांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण हा आजार नात्यात आढळतो.

आणि ज्याला हा आजार किंवा गव्हाचा दुसरा काही त्रास नाही, त्याने गहू सोडण्याचे कारण नाही. शहरात कोणी सोडला म्हणून आपणही सोडावा, अशी ही फॅशन नव्हे.

ताटात काय वाढावे?

पथ्य म्हटले की घरची बाई घाबरते. "आता याला घालू तरी काय?" शहरातल्या दुकानांत ग्लुटेन नसलेले पाव-बिस्किटांचे पुडे मिळतात, पण त्यांची किंमत ऐकूनच माणूस परत फिरतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा आणि यच्चयावत डाळी-कडधान्ये यांत ग्लुटेन मुळातच नाही. भाज्या, फळे, दूध-दही, अंडी, मटण, मासे यांतही नाही. आपला गूळ आणि आपल्या कारखान्याची साखर, यांतही नाही.

सकाळी ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर किंवा नाचणीची आंबील द्यावी. दुपारी भाकरी, पिठले, मेथीची नाही तर अंबाडीची भाजी, वर कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. रात्री भात-आमटी किंवा मुगाची खिचडी. मधल्या वेळेला ज्वारीच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा. भाकरीबरोबर डाळ किंवा उसळ हवीच, कारण ज्वारीच्या प्रथिनात जे उणे असते ते डाळ भरून काढते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ज्याची हाडे झिजली आहेत, त्याला ती विशेष उपयोगी.

नवीन सुनांची एक तक्रार असते की भाकरी थापताना मोडते. ग्लुटेन नाही म्हणूनच ती मोडते, पण त्यावर जुन्या बायकांकडे उपाय आहे. पीठ ताजे हवे. जुन्या पिठाची विरी जाते आणि मग भाकरी चिरते. म्हणून आठवड्यापुरतेच दळावे. पीठ उकळत्या पाण्यात भिजवावे, गोळा तळहाताने चांगला रगडावा आणि मगच थापावा. भाकरी मोडते म्हणून तीत मूठभर कणीक घालण्याची काही घरांत रीत आहे. ती या माणसासाठी कायमची बंद.

सणावारीही त्याने उपाशी राहायचे कारण नाही. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी चालते. गणपतीला उकडीचे मोदक आहेतच. उपासाची भगर, साबुदाणा, राजगिऱ्याचे लाडू चालतात. दिवाळीत चिवडा, बेसनाची शेव, बेसनाचे लाडू, अनारसे आणि गहू न घातलेल्या भाजणीची चकली. चालत नाहीत त्या शंकरपाळ्या, करंज्या आणि रव्याचे लाडू. होळीला पुरण वाटीत वाढून वर तूप घातले, तर पोळीवाचून काही अडत नाही.

गहू लपून बसतो

खरी परीक्षा इथे आहे. रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेले, तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, असे पाहण्यात आले आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभर कणीक! तेव्हा "एवढ्याशाने काय होतंय?" हा प्रश्नच नको.

रवा, मैदा, लापशी, शेवया, पाव, खारी, टोस्ट हे उघड गव्हाचे. पण थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटातही गहू असतात. सातूचे पीठ वर्ज्य. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात, त्याही नकोत. बाजारच्या हिंगाच्या डबीत खऱ्या हिंगाबरोबर बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. म्हणजे आमटीच्या फोडणीतूनच गहू आत शिरतो. डबीवरचा मजकूर वाचावा आणि तांदळाच्या पिठातला हिंग मागून घ्यावा. माल्ट घातलेली दुधात कालवायची पावडर जवाची असते. पुड्यावर ग्लुटेन नसल्याचे छापायचे, तर सरकारी नियमाप्रमाणे मालात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. एवढी खूण ध्यानात ठेवावी.

आपल्या भागात आणखी एक गैरसमज पसरला आहे. "खपली चालते, ती जुनी जात आहे." नाही, चालत नाही! खपली हा गहूच आहे आणि तीत ग्लुटेन आहे. आपल्यापैकी अनेक सभासद खपली लावतात आणि तिला चांगला भावही मिळतो. ती जरूर लावा, जरूर विका. पण सिलियाकच्या माणसाला चालते म्हणून विकू नका.

आता गिरणी. गावच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळले आणि लगेच आपली ज्वारी टाकली, तर पहिल्या पिठात कणीक आलीच. शिवाय गिरणीभर पीठ उडत असते ते वेगळेच. घरात जाते असेल तर ते धुऊन, वाळवून या दळणासाठी राखून ठेवावे. नाही तर दोन-तीन घरांत मिळून लहान घरगुती चक्की घ्यावी आणि तीत गहू कधीच टाकू नये. घरातही याची परात, काठवट, पोळपाट, पिठाचा डबा वेगळा ठेवावा. लाकडी काठवटीच्या भेगांत कणीक बसते, ती धुऊन जात नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात याचे पापड तळू नयेत. याची भाकरी आधी भाजावी, चपात्या मागून लाटाव्यात.

दहा गुंठे ज्वारी

आम्ही सर्व ऊस उत्पादक. तेव्हा शेवटी शेताचा हिशेब.

एका माणसाला रोज ३०० ग्रॅम पीठ धरले, तर वर्षाला ११० किलोच्या आसपास धान्य लागते. रब्बी ज्वारीचा हेक्टरी १० क्विंटलचा साधा उतारा धरला, तरी १० गुंठ्यांतून एक क्विंटल निघते. पाण्याची सोय असली तर जास्त. बियाणे हेक्टरी १० किलो, म्हणजे १० गुंठ्यांना एकच किलो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरा साधावा. मालदांडी ३५-१ ही आपल्या सर्वांच्या ओळखीची. भारी जमिनीत फुले वसुधाही चांगली येते. वर जनावरांना कडबा मिळतो, तो निराळा. पाखरे राखावी लागतात, हे खरे. पण घरच्या माणसाच्या औषधाची राखण म्हटल्यावर ती जड वाटू नये.

मळणी यंत्र आधी गव्हावर चाललेले असेल, तर ते झाडून-पुसून घ्यावे आणि पहिले घमेलेभर धान्य बाजूला काढावे. पोती नवी किंवा धुतलेली असावीत. गव्हाच्या कणगीत ही ज्वारी भरू नये.

ज्यांना शेत नाही, त्यांची अडचण मोठी आहे. रेशनवर गहू मिळाला तर तो यांच्या कामाचा नाही. वाड्यावस्तीवर असे घर असेल, तर शेजाऱ्याने चार पायली ज्वारी गव्हाच्या बदल्यात द्यावी. सहकार म्हणजे काही नुसता शेअर्सचा दाखला नव्हे.

आणि शेवटची विनंती. हा आजार लपवू नका. तो संसर्गाने होत नाही. पथ्य पाळले की बहुतेक मुले वाढीला लागतात, माणसे कामाला लागतात, मुलींचे संसार सुखाने होतात. शाळेत, अंगणवाडीत आणि मुलीच्या सासरी हे मोकळेपणाने सांगून ठेवा. लग्नाच्या पंगतीत कोणी पाहुणा "मला चपाती नको, भाकरी असेल तर द्या" म्हणाला, तर त्याला आग्रह करू नका, हसू नका. आत जाऊन एक गरम भाकरी भाजून आणा. यजमानाचा मान त्याने कमी होत नाही.