भूमिगत चित्रकथा आणि बाजारपेठ : गॅरी पँटर याच्या कार्याचा एक विचार

अमेरिकेतील भूमिगत चित्रकथेचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा सॅन फ्रान्सिस्को शहराकडे आणि रॉबर्ट क्रम याच्या १९६८ साली निघालेल्या 'झॅप'कडे वळते. हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी लॉस एंजेलिस येथे पंक संगीताच्या आश्रयाने जी दुसरी भूमिगत चित्रकथा उदयास आली, तिने उपस्थित केलेला प्रश्न पहिलीहून निराळा व एका अर्थी अधिक बिकट होता. रूढ अभिरुचीला नकार देणाऱ्या कलावंताने त्याच समाजाच्या बाजारपेठेशी कोणते नाते ठेवावे, हा तो प्रश्न होय. गॅरी पँटर या चित्रकाराच्या जीवनक्रमाच्या आधारे त्याची उकल करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम 'भूमिगत' या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. येथे त्याचा अर्थ बेकायदेशीर असा नव्हे. १९५४ साली अमेरिकेतील चित्रकथा-प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. या संहितेबाहेर राहून, नेहमीच्या वृत्तपत्र-विक्रेत्यांना वगळून जी चित्रकथा वाचकांपर्यंत पोहोचत होती, ती भूमिगत. तिची विक्री मुख्यतः हिप्पी तरुणांच्या आवडीच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांतून होत असे. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेचा निकष ठरविताना स्थानिक समाजाच्या धारणांना महत्त्व दिले. त्यामुळे गावोगावचे विक्रेते बिचकले आणि ही विक्रीव्यवस्था खिळखिळी झाली. म्हणजे १९७७ च्या सुमारास नव्या चित्रकाराला जुन्या भूमिगत चळवळीचा वारसा उपलब्ध होता, पण तिचा रस्ता मात्र उपलब्ध नव्हता.

हा रस्ता पंकने दिला. वाद्यावरील प्रभुत्व ही संगीताची पूर्वअट नव्हे, हे पंकचे मूळ सूत्र. ज्याला काही म्हणावयाचे आहे त्याने ते हाती असेल त्या साधनाने म्हणावे, या वृत्तीतून हस्तपत्रके, भित्तिपत्रके व अनियतकालिके यांचे पीक आले. १९७७ मध्ये ब्रेंडन मलन याने हॉलिवूडमधील एका चित्रपटगृहाच्या तळघरात 'मास्क' ही जागा चालू केली आणि शहरातील विखुरलेल्या वाद्यवृंदांना एकत्र येण्यास ठिकाण मिळाले. काही महिन्यांतच अधिकाऱ्यांनी ती बंद पाडली. त्याच वर्षी मे महिन्यात 'स्लॅश' हे वृत्तपत्राच्या आकाराचे मासिक निघाले व १९८० पर्यंत चालले. पँटरची चित्रकथा प्रथम नावारूपास आली ती या पानांवर.

पँटरचा जन्म १९५० साली ओक्लाहोमा राज्यात झाला. त्याचे बालपण टेक्ससमध्ये, कडक धर्माचाराच्या घरात गेले. ईस्ट टेक्सस विद्यापीठात त्याने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. पिकासो, जॅक कर्बी आणि जपानी राक्षसपट यांचे संस्कार त्याच्या मनावर एकाच वेळी झाले होते. तो लॉस एंजेलिसला आला तेव्हा पंकची पहिली लाट नुकतीच उसळत होती. तात्पर्य, त्याच्या रेषेतील ओबडधोबडपणा अज्ञानातून आलेला नाही. शिकलेला हात त्याने जाणूनबुजून खडबडीत केला, हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या शैलीचे मर्म कळावयाचे नाही.

'स्लॅश'मध्ये अवतरलेला त्याचा नायक जिम्बो हा बसक्या नाकाचा, दातेरी केसांचा तरुण असून चौकड्यांचे वस्त्र कमरेला गुंडाळून तो एका भग्न, भविष्यकालीन नगरीतून हिंडत असतो. तो वीर नाही व खलही नाही. जे समोर येईल त्याला तो भाबडेपणाने सामोरा जातो. या कथांचे वैशिष्ट्य कथानकापेक्षा चित्रणात अधिक आहे. एका चौकटीत बारीक, चिरफाळलेल्या रेषा, तर पुढच्या चौकटीत शाईचे जाड फटकारे, अशी शैली एकाच कथेत पालटत जाते. पारंपरिक चित्रकथेत शैलीची एकसूत्रता ही वाचकाला दिलेली हमी असते. पात्र तेच, जग तेच, असा दिलासा त्यातून मिळतो. पँटरने हा दिलासा काढून घेतला. जे नगर कोसळते आहे ते स्थिर रेषेने कसे रेखाटावे, असेच जणू त्याचे म्हणणे होते.

याच काळात त्याने 'स्क्रीमर्स' या वाद्यवृंदासाठी एका किंचाळणाऱ्या मुखाचे बोधचित्र काढले. या वृंदाने आपल्या हयातीत एकही अधिकृत ध्वनिमुद्रिका काढली नाही. तरीही ते मुख पत्रकांवर, सदऱ्यांवर, चिकटचित्रांवर नकलले जाऊन जगभर पसरले. आवाज विरून गेला आणि त्याचे चित्र उरले. प्रतिसंस्कृतीत चित्रकाराचे स्थान किती मध्यवर्ती असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. पण त्याबरोबर एक शंकाही उद्भवते. जे चिन्ह इतक्या सहजपणे सदऱ्यावर जाऊन बसते, ते विद्रोहाचे चिन्ह म्हणावे की विक्रीचे?

पँटरने ही शंका टाळली नाही. १९८० साली 'लॉस एंजेलिस रीडर' या पत्रात त्याचा 'रॉझ-टॉक्स' जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्याचा आशय थोडक्यात असा सांगता येईल : भांडवलशाही समाजात बाजाराबाहेरची पवित्र जागा कलावंतासाठी शिल्लक नाही. आश्रयदात्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. म्हणून नवविचाराच्या कलावंताने लोकप्रिय माध्यमांतच शिरावे आणि आपल्या कल्पना तेथे पेराव्यात. हिप्पी पिढीने बाजाराकडे पाठ फिरविण्याचे स्वप्न पाहिले होते. पँटरची भूमिका त्याच्या नेमकी उलट होती.

ती त्याने आचरणातही आणली. १९८२ साली आर्ट स्पीगलमन व फ्रान्स्वाज मूली यांच्या 'रॉ' या न्यूयॉर्कच्या प्रकाशनाने जिम्बोचे स्वतंत्र पुस्तक काढले. पुढे १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'पी-वीज प्लेहाउस' या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या नेपथ्यरचनेत त्याचा मोठा वाटा होता व त्याबद्दल त्याला एमी पारितोषिके मिळाली. तळघरातील पंकची वेडीवाकडी रेषा शनिवारी सकाळी लक्षावधी बालकांच्या घरात गेली. याला शरणागती म्हणावे की जाहीरनाम्याचे यश, याविषयी मतभेद होऊ शकतो. मात्र त्या नेपथ्यात पँटरची शैली सौम्य झालेली आढळत नाही, एवढे कोणत्याही निःपक्षपाती अभ्यासकास मान्य करावे लागेल.

येथे त्याच्या समकालीनांशी तुलना उद्बोधक ठरते. रेमंड पेटिबॉन याने 'ब्लॅक फ्लॅग' या वृंदासाठी बोधचिन्ह व पत्रके काढली. त्याची वाटचाल पुढे कलादालनांकडे झाली. हर्नांडेझ बंधूंनी १९८१ साली 'लव्ह अँड रॉकेट्स' स्वखर्चाने छापले. त्यांपैकी हायमे याने मेक्सिकन वंशाच्या पंक तरुणींचे दैनंदिन जीवन स्वच्छ, संयत रेषेत रंगविले आणि चित्रकथेशीच निष्ठा ठेवली. म्हणजे पंकने चित्रकाराला कोणतीही एक शैली वा एक मार्ग नेमून दिला नव्हता. तिघांना समान होते ते प्रारंभीचे स्वातंत्र्य. कोणाची अनुमती न मागता छापण्याची सोय त्यांना सुरुवातीसच लाभली होती.

पँटरच्या उत्तरकालीन ग्रंथांत मूळ प्रश्न अधिक खोलवर परतून येतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'जिम्बो इन पर्गेटरी'मध्ये त्याने आपल्या पंक नायकास दान्तेच्या शुद्धिलोकात नेले. २००६ च्या 'जिम्बोज इन्फर्नो'मध्ये नरक अवतरतो तो एका अवाढव्य खरेदी-संकुलाच्या रूपाने. ज्याने कलावंतांना बाजारात शिरण्याचा उपदेश केला, त्यानेच बाजाराला नरकाचे रूप द्यावे, यात वरकरणी विसंगती दिसते. परंतु दान्ते नरकात जातो तो तेथे राहण्यासाठी नव्हे, तर त्यातून पार होण्यासाठी, हे लक्षात घेतले म्हणजे ही विसंगती उरत नाही. बाजारपेठ अटळ आहे, हे पँटरने १९८० सालीच मान्य केले होते. ती निर्दोष आहे असे मात्र या ग्रंथांत कोठेही सूचित होत नाही.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण महत्त्वाचा आहे. प्रतिसंस्कृतीची कला बाजारात गेली की ती भ्रष्ट झाली, असे समीकरण मांडण्याचा मोह अभ्यासकास होतो. पँटरचे उदाहरण हा निकष अपुरा ठरविते. कलाकृती कोठे विकली गेली यापेक्षा विकली जाताना तिच्या रेषेत काय टिकले व काय गळले, याची तपासणी अधिक फलदायी होईल. 'स्लॅश'ची पाने, दूरचित्रवाणीवरील नेपथ्य आणि दान्तेवरील ग्रंथ ही तीन टोके समोर ठेवून अशी तपासणी करणे आज शक्य आहे, आणि चित्रकथेच्या अभ्यासकांनी ती हाती घ्यावी.